हरिहरेश्वरच्या सरबतवाल्या मावशींना

ती. मावशींना सा. न.

"लिहायचंच असेल तर मोबाइलवर लिही, सून वाचून दाखवते," असं तुम्ही निघताना म्हणालात, म्हणून हे असं जाहीर लिहितेय. सूनबाई, जरा मोठ्याने वाचा. बाजूच्या टपरीवरच्या वहिनींनाही ऐकू जाऊ दे, कारण तुम्ही आमच्याबरोबर खाली उतरलात तेव्हा तुमचं दुकान त्यांनीच सांभाळलं.

आम्ही कोण ते आठवावं म्हणून खूण सांगते. मार्गशीर्षातली शुद्ध द्वादशी, पुण्याहून आलेलं कुटुंब, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, हातात काठी घेतलेले माझे वडील. भूगोलाचे मास्तर होते हे कळल्यापासून तुम्ही ज्यांना 'गुरुजी' म्हणत होतात, तेच आमचे अप्पा. कुलदैवत हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, असं दर्शन रीतसर झालं होतं आणि प्रदक्षिणा तेवढी राहिली होती. ती देवळाभोवतीची नव्हे, डोंगराभोवतीची. देवळामागून चढायचं, पलीकडच्या कड्यातल्या चिंचोळ्या घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरायचं आणि लाटांच्या शेजारून खडकांवरून वळसा घालून परत देवळाशी यायचं.

साडेदहाला आम्ही तुमच्यापाशी पोचलो. पायऱ्यांशी पाटी आहे. भरतीच्या वेळी जाऊ नका, असं ती म्हणते; भरती कधी, ते सांगत नाही. खाली पाणी घळीच्या तोंडाशी आपटत होतं. तुम्ही कोकमचे ग्लास विसळत होतात. मान वर न करता विचारलंत, "आज तिथी काय?" अप्पा म्हणाले, द्वादशी. तुम्ही अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवलात आणि सांगितलंत, "बारा तिरिक छत्तीस, त्याचे चार भाग, नऊ. नवाला भरती होती. मग सव्वासहा तासांनी, सव्वातीनला, पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. दोनला या, तोवर जेवून घ्या. आता गुरुजींना खाली न्यायचं नाही."

मावशी, अप्पांनी आयुष्यभर मुलांना भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर पृथ्वी, चंद्र, दोन्हीकडचे फुगवटे, सगळं. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब त्यांनी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकला. लगेच शंका काढलीच. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. मग पौर्णिमेपर्यंत तुमचा हिशोब तासभर मागे पडेल, पंधराचे सव्वाअकरा निघतील. तुम्ही म्हणालात, "म्हणून पुनवेला आणि अवसेला आम्ही बाराच धरतो." त्यावर अप्पा जे गप्प झाले ते जेवणाचं पान येईपर्यंत. आमच्या घरात असं कधी घडत नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

जेवताना मग कळी खुलली. द्वादशी म्हणजे भांग सरून उधाणाकडे निघालेला समुद्र. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र चढतंही खूप आणि सुकतंही खूप. म्हणजे खडक सगळ्यात जास्त उघडे पडतात ते उधाणाच्याच ओहोटीला. पण पाणी फिरलं की येतंही तितक्याच झपाट्याने. तुम्ही मध्येच बरणीतल्या आवळासुपारीची गिऱ्हाइकं करत हे सांगितलं होतं, ते अप्पांनी आम्हाला आकृती काढून पुन्हा समजावलं. आकृती कागदी रुमालावर होती. तो आता आमच्या फ्रिजवर आहे.

दोनला आलो तेव्हा सकाळचं पाणी जिथे होतं तिथे कोरडा, काळा, रुंद ओटाच्या ओटा पसरलेला. मी धरून चालले होते की तुम्ही वरूनच वाट दाखवाल. तुम्ही पदर खोचलात, चपला टपरीखाली सारल्यात आणि अप्पांच्या पुढे एक पायरी उतरून उलट्या उभ्या राहिलात. "काठी वरच ठेवा, माझ्या खांद्यावर हात ठेवा." ती अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभा कातळ, त्यातून तुम्ही अख्ख्या पायऱ्या तिरक्या उतरलात, तोंड अप्पांकडे आणि पाठ समुद्राकडे. तुमच्या भाषेत समुद्राला पाठ दाखवायची नसते, हे तुम्हीच खाली पोचल्यावर सांगितलंत. म्हणजे तेवढ्यापुरता तो नियम आमच्यासाठी मोडलात.

खाली तुम्ही जे चालायला शिकवलंत ते कुठल्याही माहितीपत्रकात मी वाचलेलं नाही. हिरवं दिसेल तिथे पाय नको. काळं आणि चकचकीत दिसेल तिथेही नको. जाळी पडलेला खडक बघायचा आणि त्यावर पाय टाकायचा, तो पाय धरून ठेवतो. हात टेकायचा झाला तर आधी कालवं आहेत का बघायचं, शिंपल्याची कड तळहात फाडते. तुम्ही डाव्या हाताच्या अंगठ्याखालची जुनी, पांढरी पडलेली खूण दाखवलीत. लग्न होऊन आल्यापासून याच खडकांवर कोयती घेऊन कालवं काढलीत तुम्ही, सुकतीला यायचं आणि पाणी फिरायच्या आत टोपली भरून वर जायचं. तेव्हा समजलं, तुमची बोटं तो हिशोब इतक्या सहज का करतात. घड्याळ चुकलं असतं तर त्या दिवशीची टोपली गेली असती.

त्या जाळीदार भिंतीपाशी अप्पांना मग राहवेना. मधमाशांच्या पोळ्यासारखी ती भोकं कशी पडली, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जातं, मिठाचे खडे तिथेच धरतात आणि वाढता वाढता दगडाचा कण सुटा करतात. वर्षानुवर्षं तेच. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मीठ आमच्या घराच्या भिंती खातंय ते रोज बघते, डोंगरालाही सोडत नाही काय?" अप्पा एवढे खूश झाले की तिथेच बसले. त्यांनी समोर सावित्रीच्या मुखापलीकडचं बाणकोट दाखवलं, तुम्ही तिकडे माहेर असल्याचं सांगितलंत, आणि मग बोलणं जे लांबलं ते तुम्हीच तोडलंत: "उठा गुरुजी, तीन वाजत आले. पाणी कुणासाठी थांबत नाही."

वर आल्यावर मी पैसे पुढे केले. तुम्ही सरबताचे तेवढे मोजून घेतलेत, बाकीच्या नोटा दुमडून माझ्या पर्समध्ये परत कोंबल्यात आणि "देवाच्या वाटेवर सोबतीचे पैसे घेत नाहीत" म्हणून मला गप्प केलंत. मी वाद घातला नाही. आभार मात्र परत करता येत नाहीत, ते घ्यावेच लागतील.

त्या किनाऱ्यावर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो आणि पर्यटक कसे बेफिकीर म्हणून हळहळतो. माझं मत विचाराल तर त्या पाटीखाली रोज खडूने एकच ओळ लिहायला हवी: आजची ओहोटी अमुक वाजता. यंत्र लागत नाही, खर्च नाही. गावातल्या निम्म्या बायका ती ओळ तोंडी सांगतील. तोवर जे जाणार आहेत त्यांनी वर बसलेल्या माणसांना विचारून मगच उतरावं, आणि पावसाळ्यात तर विचारूही नये, जाऊच नये.

अप्पांचा गुडघा ठीक आहे. त्यांनी शेजारच्या दोन निवृत्त मास्तरांना पाऊणपटीचं गणित शिकवून झालंय, आता ते तिसरा शोधतायत.

आणखी एक काम. माझा भाऊ पौषात येतोय, बरोबर दोन लहान मुलं आहेत. त्याला वद्य षष्ठीचा दिवस सोयीचा पडतो. मी बोटं मोजली: सहा तिरिक अठरा, चार भाग, साडेचार. म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहा-पावणेअकराला, आणि त्यांनी साडेनऊच्या सुमाराला तुमच्यापाशी यायचं. बरोबर आहे का, तेवढं सूनबाईंकडून कळवा. अर्धा किलो आवळासुपारी बाजूला काढून ठेवा. तिचे पैसे तरी घ्याल ना?

तुमची,
गुरुजींची लेक