मग तू का करते?

नागपूर,
पोळ्याची कर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोळ्याला येणं जमलं नाही, बैलांची खांदशेकणी यंदा माझ्याशिवाय झाली. आई, रागावू नको.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणाले, "चित्र काढणारे वेगळे, रंग देणारे वेगळे, मग तू का करते?" मी काय करते, तर वस्तीच्या भिंतीवर कोणतं चित्र पाहिजे ते लोकांना विचारत दारोदार फिरते, बाबा. गावातल्या दंडारीच्या खेळाच्या वर्गणीसाठी तुम्ही फिरायचे तशीच. फरक एवढाच की मी पैसे मागत नाही, म्हणून लोक जास्त संशयाने पाहतात.

या वस्तीतल्या भिंतीवर आम्ही वाघ ठरवून बसलो होतो. नागपूर म्हटलं की वाघच! एका आजीने शांतपणे ऐकलं न् म्हणाली, "काढा वाघ, पण आधी ही नाली पाहा." भिंतीला खालून ओल होती, ती नालीचीच. आजी बोलली नसती तर पहिल्या पावसात वाघाचे पोपडे पडले असते. मग दोन महिने नालीचे अर्ज घेऊन फिरले. रेघ एक ओढली नाही, पण मला तर तेच खरं काम वाटतं.

वाघ गेला, मारबत आली, म्हणजे पोळ्याच्या करीला मिरवून जाळतात तो बाईचा पुतळा. इथली काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पण त्यावरही भांडण! "जिला गावाबाहेर नेऊन जाळायचं, तिला दारासमोर कायमची ठेवता?" बरोबरच होतं. शेवटी ठरलं की मारबत दिसणारच नाही, फक्त तिला पाहायला जमलेली गर्दी. गर्दीतले चेहरे वस्तीतलेच.

रंगवायचंही वस्तीनेच, पण आज्यांना परांचीवर कसं चढवणार? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९८४ पासून वस्त्यावस्त्यांत भित्तिचित्रं होतात. तिथे पातळ कापडाच्या तुकड्यांवर रंगांचे आकडे टाकून देतात, लोक बसल्या जागी रंगवतात, मग तुकडे भिंतीवर जोडून चिकटवतात. आम्हीही तेच धरलं. समाजमंदिरात सतरंजीवर रंगकाम चालू आहे. पाऊस उघडला, भिंत नीट वाळली की चिकटवू.

एक काम आहे. चुन्यात नीळ घालून तुम्ही घर रंगवायचे, तो निळा मला चित्रातल्या आजीच्या लुगड्याला पाहिजे. दुकानातल्या डब्यात तो नाही. किती नीळ टाकायचे ते विचारत नाही, तुम्ही अंदाजानेच टाकायचे. माजघराच्या भिंतीचा एक पोपडा कागदात गुंडाळून पाठवा. आईला न विचारता खरवडू नका.

तुमची,
बाई