नकाशा आधी फरशीवर: मोजणीवाल्या काकांना आभारपत्र

पुणे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचं हे पत्र. शेतांची मोजणी करण्यात उभी नोकरी घालवलेल्या भूकरमापकाने निवृत्तीनंतर शाळेच्या फरशीवर मुलांबरोबर मांडी घालून बसावं, याचं तुम्हाला काही वाटत नसेल. आम्हाला फार वाटतं. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही दिलेलं बरंचसं कुठल्याही शाळेला उद्यापासून वापरता येईल. "बहुमोल मार्गदर्शन लाभले" एवढ्यावर ते उरकलं तर वायाच जाईल.

पहिले आभार क्रमाबद्दल. नकाशा आधी भिंतीवर टांगला की उत्तर दिशा मुलांच्या डोक्यात छताकडे जाऊन बसते. पुण्यात याची परीक्षा मुठा नदीच घेते. खडकवासल्याकडून ती साधारण ईशान्येला वाहत येते आणि संगमावर मुळेला मिळते. म्हणजे भिंतीवरच्या नकाशात ती खालून वर जाते. मग चौथीतलं पोर विचारतं, पाणी वर कसं चढलं? प्रश्न अगदी रास्त आहे. तुमचा उपाय असा: नकाशा फरशीवर पसरायचा, त्याची उत्तर बाहेरच्या उत्तरेशी जुळेपर्यंत फिरवायचा, आणि मुलांनी खडकवासल्यापासून संगमापर्यंत त्याच्या कडेने चालायचं. तिथून मुळा-मुठा पूर्वेकडे भीमेला, भीमा पुढे कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मुंबई जवळ म्हणून पाणी अरबी समुद्रात जात असणार, हा बहुतेकांचा अंदाज इथेच गळून पडतो. हे झाल्यावर नकाशा मुलांच्या डोळ्यांदेखत उचलून भिंतीवर लावायचा, आणि तोही शक्यतो उत्तरेच्या भिंतीवर. मग समोर उत्तर आणि उजव्या हाताला पूर्व, नकाशातही आणि वर्गातही. फळा दक्षिणेच्या भिंतीवर असला, तर नकाशासाठी मुलांनी पाठ फिरवून बसावं, त्यात काही बिघडत नाही.

वरून पाहण्याचं कोडंही तुम्ही फारच स्वस्तात सोडवलंत. बाकाचं चित्र काढ म्हटलं की मूल चार पाय काढतं, कारण त्याला बाक बाजूने दिसतो. तुम्ही काडेपेटी, डबा आणि पाण्याची बाटली कागदावर ठेवायला लावता, कडेने पेन्सिल फिरवून वस्तू उचलायला सांगता. बाटलीचा राहतो नुसता गोल. "उंची कुठे गेली?" हा तुमचा प्रश्न आला की बाकाचे पाय पुढच्या चित्रात आपोआप गळतात. यासाठी एक तासिका पुरेशी आहे, पण ती गाळली तर पुढचा प्रत्येक आराखडा बिघडतो.

आता दोरी. खरं तर या पत्राला निमित्त तीच. वर्गाचा आराखडा काढताना पावलांनी मोजायला लावलं तर एकाच भिंतीची लांबी कुणी 14 सांगतं, कुणी 18. हे भांडण तुम्ही मुद्दाम होऊ देता आणि मगच दोरी बाहेर काढता. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे म्हणजे 16 सारखे भाग, 33 फूट चौरसाचा एक गुंठा, असल्या चाळीस गुंठ्यांचा एकर, हे सगळं मुलांना ऐकवलंत. पण हातात दिलीत ती 10 मीटरची नवारीची पट्टी, दर अर्ध्या मीटरला खूण केलेली. सुतळी आणि नायलॉन ताणले की वाढतात, नवार फारशी वाढत नाही. शिवाय गाठी मारायच्या नाहीत. प्रत्येक गाठ दोन-तीन सेंटिमीटर खाते, आणि आधी मोजून मग गाठी मारलेल्या दोरीत वीस गाठींत अर्धा मीटर सहज गडप होतो. त्याऐवजी रंगीत दोरा गुंडाळून टाका घालायचा, आणि दर पाचवी खूण लाल. शून्याची खूण टोकावर नको, टोकापासून 10 सेंटिमीटर आत हवी, नाहीतर धरणाऱ्याची मूठच मापात जाते. पट्टी हवेत धरली की मधे झोळ पडतो, म्हणून ती भिंतीलगत फरशीवरच ठेवायची.

अर्धा मीटर म्हणजे चौकटीच्या वहीतला एक चौकोन. आठ मीटर बाय सहा मीटरचा वर्ग 16 बाय 12 चौकोनांत बसतो. एका मीटरला एक चौकोन धरला तर वर्ग मावतो, पण बाकं काढायला जागा उरत नाही. प्रमाण हा शब्द तिसरीत उच्चारायची गरजच नाही. एक खूण, एक चौकोन, बस्स. गट पाच जणांचा: दोघं पट्टी धरणार, एक जण आकडा मोठ्याने म्हणणार, एक लिहिणार, एक काढणार, आणि प्रत्येक भिंतीनंतर कामं बदलायची. गट सातचा झाला की दोघं खिडकीतून बाहेर बघतात, हे तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं. शेवटी ताळा: समोरासमोरच्या भिंतींचे आकडे एका चौकोनापेक्षा जास्त फरकाचे आले तर खोडरबर चालवायचं नाही, पुन्हा मोजायचं. आणि दाराची रुंदी दोन चौकोनांच्या आसपास आली नाही, तर शून्याची खूण चुकीच्या जागी धरली होती असं समजायचं.

दिशांच्या बाबतीत तर तुम्ही आम्हा शिक्षकांचीच शिकवणी घेतलीत. सूर्य उगवतो ती पूर्व, हे वाक्य 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपासच नेमकं खरं असतं. शाळा सुरू होते जूनमध्ये, तेव्हा पुण्यात सूर्य पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो. त्या दिवसांत उगवतीकडे तोंड करून हात पसरलेल्या मुलाचा डावा हात उत्तरेकडे नसतोच. दुपारच्या सावलीचंही तसंच. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. मीटरभर काठीची सावली 21 जूनला जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे. 22 डिसेंबरला सुमारे 90 सेंटिमीटर, उत्तरेकडे. आणि माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. पुण्यात ती जूनच्या मध्यात साधारण 12 वाजून 35 मिनिटांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.18 ला आणि फेब्रुवारीच्या मध्यात 12.49 ला येते.

म्हणून काठीचा प्रयोग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवायचा, हा तुमचा सल्ला सकाळच्या शाळांना विशेष सोयीचा. त्या दिवसांत सावलीचं टोक जवळजवळ सरळ रेषेत सरकतं, त्यामुळे दुपारपर्यंत थांबावं लागत नाही. काठी ओळंब्याने उभी करायची, सावलीच्या टोकाशी खडूची खूण, अर्ध्या तासाने दुसरी खूण, आणि दोन्ही जोडायच्या. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. हाच प्रयोग जूनमध्ये सकाळी केला तर रेषा तिरकी येते आणि मुलं आयुष्यभर तिरकीच उत्तर धरून बसतात. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी बाकाजवळ भरकटतं, ते मैदानाच्या मध्यभागीच बघायचं. (पुणेकरांना पत्ता सांगायला मारुती लागतो, दिशा लागत नाही, हा तुमचा टोमणा आम्ही मान्य करतो. पण पत्र्या मारुतीवरून डावीकडे म्हणजे कुठून येताना डावीकडे, हा प्रश्न आता तिसरीतली मुलं घरी विचारतात, एवढं कळवतो.)

काळाची पट्टीसुद्धा तुमच्याच हिशेबाने चालते: एका वर्षाला एक सेंटिमीटर. बिलाच्या यंत्राचा साधा कागदी रोल घ्यायचा. थर्मल कागद नको, तो उन्हात आणि उष्णतेने खराब होतो. 1630 ला शिवरायांचा जन्म, तिथून बरोबर एक मीटरवर 1730, शनिवारवाड्याचा पाया. 2 मीटर 18 सेंटिमीटरवर 1848, फुले दांपत्याची भिडेवाड्यातली मुलींची शाळा. 3 मीटर 31 वर 1961, पानशेतचा पूर. पानिपत आणि पानशेत यांत नेमके दोन मीटर, हे मुलांना कोण आवडतं! मुलाचं स्वतःचं वय मात्र आठ-नऊ सेंटिमीटर, आणि आजीचं हातभर. उलट्या बाजूला पाताळेश्वर लेणं मांडायला गेलं की पट्टी आणखी नऊ मीटरच्या आसपास मागे जाते, म्हणजे दाराबाहेर, थेट व्हरांड्यात. पूर्वीच्या काळी असं म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधायची सवय त्या व्हरांड्यातच सुटते. सनावळी पाठ करून घेण्याची घाई मात्र करू नये, हे तुम्ही बजावलंत, ते बरं केलंत.

महात्मा फुले मंडईच्या भेटीबद्दल थोडक्यात. भाजी कुठून आली विचारलं की प्रत्येक गाळ्यावर "मार्केट यार्डातून" एवढंच उत्तर मिळतं आणि वही कोरी राहते. यार्डात यायच्या आधी कुठल्या तालुक्यातली, हा तुम्ही सुचवलेला दुसरा प्रश्न आम्ही आता छापूनच देतो. मग जिल्ह्याच्या नकाशावर पुरंदरचं अंजीर आणि नारायणगावकडचे टोमॅटो लागतात.

एक काम अजून तुमच्याकडे आहे. पाचवीसाठी पर्वतीची टेकडी समोच्च रेषांनी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी, दाखवायची आहे. अर्धा बटाटा पालथा ठेवून सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कड काढायची, इथपर्यंत जमतं. पण चकत्यांच्या पाण्याने कागद भिजतो, आणि चकत्या एकावर एक नेमक्या ठेवायला मध्यबिंदू सापडत नाही. कापण्याआधी वरून खालपर्यंत दोन टाचण्या आरपार घालून भोकं पाडावीत, म्हणजे प्रत्येक चकतीला त्याच दोन खुणा मिळतील, असा विचार आहे. टाचणी तेवढी लांब नसते, तेव्हा विणायची सुई घ्यावी की शाडूची टेकडी करून दोऱ्याने कापावी, ते तुम्ही सांगा. दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या शनिवारी शाळेत येऊ शकलात तर फार बरं होईल. पट्टी धुऊन ठेवली आहे. लाल दोरे मात्र थोडे उसवलेत, ते तुमच्यासमोरच पुन्हा घालू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
परिसर अभ्यास शिकवणारे आम्ही शिक्षक