अर्जावरची पहिली सही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मामांनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. आम्ही नर्सेसनी व्यवस्थापनाला जो अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझी आहे. बाबा, फोनवर तुम्ही "रुग्णसेवेत तास मोजायचे नसतात" एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. आई रडायला लागली, मग मी काय बोलणार? म्हणून लिहितोय. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही.

अर्जात पगारवाढीचा शब्दही नाही. (असायला हवा होता असं माझं मत, पण माझं कोणी ऐकलं नाही.) नाईट करून निघालेल्याला त्याच दिवशी परत बोलावू नका, दोन ड्युट्यांच्या मध्ये बारा तास द्या. आठवड्याची सुटी रोस्टरवर आधी लिहा, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर रद्द करू नका. आणि इव्हिनिंग सुटल्यावर मुलींना घरी पोचवायला गाडी द्या, कारण त्यानंतर आमच्या बाजूला बस मिळेलच याची खात्री नसते. एवढंच आहे.

हा बारा तासांचा आकडा आम्ही मनाने काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1977 साली जिनिव्हात खास नर्सेससाठी एक करार केला, क्रमांक 149. त्याचं म्हणणं साधं आहे: कामाचे तास, साप्ताहिक सुटी, पगारी रजा, आजारपण, बाळंतपण, या बाबतींत त्या देशातल्या इतर कामगारांना जे मिळतं त्याहून नर्सला कमी मिळू नये. जास्त द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याच्या जोडीला शिफारस क्रमांक 157 आहे, तिच्यात आकडे दिलेत. रोजचं काम आठ तास, ओव्हरटाइम धरूनही बाराच्या वर नाही. दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तास विश्रांती. आठवड्यातून सलग 36 तासांपेक्षा कमी सुटी कधीच नाही.

बांगलादेशाने हा करार मान्य केला, फिलिपिन्सने केला, पोर्तुगालनेही केला. भारताने केलेला नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, "1961 साली पोर्तुगीजांना घालवताना आपल्या गोव्याने जरा थांबायला हवं होतं." आजोबा असते तर काठी घेऊन त्याच्या मागे धावले असते.

आता बाबा, रागावू नका, पण तास मोजायला मी तुमच्याकडूनच शिकलो. तुम्ही खाणीवर होतात तेव्हा भोंगा वाजला की पाळी संपायची. तेव्हाचा खाण कायदा 1952 चा. जमिनीवरच्या कामाला दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे 48 तास, त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट पैसे. ओव्हरटाइमच्या पैशांत पावसाळ्याआधी कौलं बदलली होती, हे आई अजून सांगते. तुमचं चुकीचं जोडलेलं ओव्हरटाइम घेऊन तुम्ही कामगारांच्या पुढाऱ्यांबरोबर ऑफिसात गेला होतात, तेव्हा "देश बांधायच्या कामात तास मोजायचे नसतात" असं तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर? आणि ते तासही आभाळातून पडले नव्हते. 1919 च्या पहिल्या जागतिक करारात उद्योगांना आठ तासांचा दिवस ठरला, पण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कारखान्यांना आणि खाणींना आठवड्याचे साठ तास चालतील, अशी सवलत त्यातच लिहून ठेवली होती. तिथून 48 वर यायला कुणीतरी सह्या केल्याच असतील.

सेवेचं म्हणाल तर पहाटे चारला वॉर्डात या. झोप डोळ्यांत नसते, हातांत असते. सलाईनचे थेंब मोजताना आकडा निसटतो, परत पहिल्यापासून. इन्सुलिनचे युनिट दोनदा वाचायचे, शेजारच्या सिस्टरला दाखवायचे, मग टोचायचे. तेवढ्यात तीन नंबरचे आजोबा "ब्रदर, लघवी" म्हणतात आणि सात नंबरची सलाईन संपलेली असते. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. आमच्याकडे रात्री किती असतात ते लिहीत नाही, आईला झोप लागणार नाही. सकाळी रिलिव्हर आला नाही की "दोनपर्यंत थांब" असं सांगतात, आणि आपण थांबतो, कारण रुग्णाला टाकून कसं जायचं? गेल्या पावसात आमची एक सिस्टर असंच थांबून स्कूटरने फोंड्याला निघाली आणि बाणस्तारीजवळ घसरली. हात मोडला. रजा बिनपगारी.

युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास 2014 साली आला होता. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या लोकांची पाहणी होती. नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, की महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. तास मोजणं हे सेवेच्या आड येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा वाचावा.

आई, तुझं "मग जा ना स्विंडनला, मावशीचा मुलगा आहेच" हे मला पटत नाही असं नाही. तिथे आठवड्याला साडेसदतीस तास आहेत, रजा भरपूर. पण इंग्लंडातल्याही नर्सेस डिसेंबर 2022 मध्ये संपावर गेल्याच की. आणि सगळे तिकडे गेले तर इथे पहाटे चारला कोण असणार?

नोकरी जाईल ही भीती मलाही आहे. पण सह्या बऱ्याच आहेत, मेट्रनची नाही, तरी ती अर्ज वाचून "बरं लिहिलंय" म्हणाली. आमच्यासारख्या खासगी रुग्णालयांतल्या नर्सेससाठी कागद अगदीच नाहीत असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने म्हटलं, 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, 50 च्या आतल्या रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली नको, रजा आणि तास सरकारीप्रमाणे. पाळायचं कुणी, तर राज्यांनी. तिथेच गाडी अडलीय.

चवथीची रजा मंजूर झालीय. आमच्या ख्रिस्ती सिस्टर्स ड्युटी घेताहेत, नाताळात आम्ही त्यांची घेऊ. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, रानातली फळं-पानं, मी साखळीच्या बाजारातून आणतो, बाबांनी रानात जाऊ नये, गुडघा सांभाळावा.

बाबा, व्यवस्थापनाने उत्तर दिलं नाही तर पणजीत पाटोला कामगार खात्याच्या श्रमशक्ती भवनात जावं लागेल. तिथला अर्ज कसा लिहायचा, सोबत काय जोडायचं, हे आमच्यात कुणाला नीट येत नाही. तुम्हाला येतं. मसुदा घेऊन येतो, लाल पेन काढून ठेवा.

तुमचा,
बाबू