पोरीच्या जर्मनीच्या कागदांबद्दल

बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पोरीला एमएससाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. पैसे किती लागतील असं विचारलंयस. ते सांगतोच, पण त्याआधी एक काम कर. तिचं एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्ककार्ड, पीयूसीचं म्हणजे बारावीचं, इंजिनिअरिंगची सगळी, आधार आणि पासपोर्ट ओळीनं मांड आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर लावून बघ. आपल्या भागातल्या मुलांचे अर्ज बहुतेक वेळा इथंच अडकतात.

शाळेत मास्तरांनी नावाचं इंग्रजी स्पेलिंग कन्नड वळणानं लिहिलेलं असतं. सविता, स्वाती, ज्योती या नावांत 'टी'पुढे 'एच' येतो. आधार काढताना घरच्यांनी तो गाळलेला असतो. वर मार्ककार्डावर नुसती आद्याक्षरं आणि पासपोर्टावर वडिलांचं नाव, आडनाव पूर्ण. मार्ककार्ड दुरुस्त करायला शाळेमार्फत बोर्डाकडे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. म्हणून पासपोर्ट काढायचा राहिला असेल तर आधी आधार मार्ककार्डाप्रमाणे करून घे, मग पासपोर्ट. पासपोर्ट निघालाच असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेव आणि पुढचा प्रत्येक अर्ज पासपोर्टाप्रमाणेच भर. जन्मगावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, तिचा जन्मदाखला त्याच्या आधीचा. पासपोर्टात जे छापलंय तेच सगळीकडे लिहायचं.

नावं जुळली की एपीएस. पदवी खरी आहे की नाही याची ही तपासणी दिल्लीहून होते, फी 18,000 रुपये. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ती सक्तीची आहे, आणि बरीच विद्यापीठं अर्जालाही ते प्रमाणपत्र मागतात. म्हणून बाकी कशाची वाट न बघता हा अर्ज आधी घाल.

तिचं विद्यापीठ, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ), बेळगावातच असल्याचा एक फायदा तिनं जरूर घ्यावा: किमान उत्तीर्ण श्रेणी किती, हे लेखी आणावं. जर्मनीत 1 सर्वात चांगला आणि 4 म्हणजे जेमतेम पास. आपल्या गुणांचं रूपांतर करताना कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करतात, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण यानं भागतात, 3 नं गुणतात आणि 1 मिळवतात. समज, तिचा सीजीपीए 8 आहे. किमान 4 धरलं तर 2.0 येतो, 5 धरलं तर 2.2. काही कोर्सना 2.0 च्या आत किंवा 2.5 च्या आत अशी अट असते, तिथं एवढ्या फरकानं प्रवेश जातो.

ऑक्टोबरच्या सत्राची मुदत 15 जुलै असं सगळे सांगतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी ती मार्च ते मे मध्येच संपते, तेव्हा प्रत्येक कोर्सची तारीख वेगळी बघावी. अर्ज युनि-असिस्टमधून, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेतून, असेल तर पहिल्याला 75 युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला 30.

आता पैसे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, सत्राची वर्गणी तेवढी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र सत्राला 1,500 युरो पडतात आणि म्युनिकच्या टीयूएम या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी लावलीय. खरा बोजा ब्लॉक्ड अकाउंटचा: वर्षाला 11,904 युरो आधी भरून दाखवायचे, तिकडं गेल्यावर महिन्याला 992 प्रमाणे तिलाच मिळतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी 12 लाखांच्या आसपास. पाठवताना पन्नास-शंभर युरो जास्तच पाठव. मधल्या बँका आपला आकार कापून घेतात, आणि दहा युरो जरी कमी पडले तरी व्हिसाला लागणारं पत्र निघत नाही.

कर्जाचं मात्र नीट ऐक. चार एकर ऊस आहे, तो तारण ठेवू, असं तू लिहिलंस. शिक्षणकर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर बँकांच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट किंवा घर लागतं. तुझं घर ग्रामपंचायत हद्दीत आहे, म्हणजे ई-स्वत्तूचा, ग्रामपंचायतीतल्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा, फॉर्म 9 आणि 11 बघ. 11-बी असेल तर बँकेचा वकील बहुधा अडवतो, म्हणून तारणाची बोलणी करण्याआधीच तो बघून घे. सबरजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे मिळकतीवर बोजा आहे की नाही याचा दाखला, काढ, तो किती वर्षांचा हवा हे आधी वकिलालाच विचार. उत्पन्नाचं दुसरं दुखणं: शेतीउत्पन्नावर कर नाही म्हणून आपण रिटर्न भरत नाही, आणि बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. या वर्षीपासून शेतीउत्पन्न दाखवून रिटर्न भरायला लाग. कारखान्याच्या बिलाच्या पावत्या आणि ती रक्कम जमा झालेलं पासबुक जपून ठेव. एक समाधान आहे: बँकेच्या शिक्षणकर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही.

फुकट सल्ला देणाऱ्या एजंटाला विचार, पैसे त्याला कोण देतं? बहुधा तिकडची खासगी कॉलेजं देतात, म्हणून तो तीच पुढं करतो. सरकारी विद्यापीठाचा अर्ज पोरगी स्वतः भरू शकते.

पाहुणे कोल्हापूरचे म्हणून व्हिसाला मुंबई धरू नका. तिचा राहता पत्ता कर्नाटकातला, तेव्हा अर्ज बेंगळूरकडं. फी 75 युरो. कन्नड उताऱ्याचं किंवा दाखल्याचं इंग्रजी भाषांतर बरोबर हवं.

तिथं पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि घरमालकाचं लेखी पत्र असल्याशिवाय ती होत नाही. काही घरमालक ते पत्र देतच नाहीत. खोली ठरवण्याआधीच तिनं ते विचारून घ्यावं, कारण राहण्याचा परवाना या नोंदणीवरच अवलंबून आहे. काम वर्षाला 140 पूर्ण दिवस करता येतं. त्यातून खर्चाला हातभार लागेल, पण हप्ते त्या भरवशावर धरू नकोस.

फॉर्म 9, 11 आणि सगळ्या मार्ककार्डांचे फोटो पाठव, आधी नावं मी बघतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र