विषय: ‘थंडी सोसणारी’ म्हणून विकलेल्या कलमी जास्वंदीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्याकडून मागवलेल्या दुहेरी पाकळ्यांच्या केशरी जास्वंदीबद्दल ही माझी तिसरी तक्रार आहे. आधीच्या दोन्ही वेळा फोनवर बोलणे झाले, म्हणून आता लेखी देत आहे. पावती, झाडाला बांधलेली चिठ्ठी आणि फोटो सोबत जोडले आहेत.

झाड आले तेव्हा उत्तम होते, हे आधीच सांगते. तुकतुकीत पाने, पाच कळ्या, कीड नाही. उन्हाळाभर भरपूर फुलले. फूल एक दिवस टिकायचे, पण दुसऱ्या दिवशी दुसरे तयार असायचे. मध्यंतरी पिठ्या ढेकूण आला तो साबणाच्या पाण्याने मीच घालवला. त्याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती चिठ्ठीची. तिच्यावर छापले आहे: ‘बारमाही बाहेर ठेवा. थंडी सोसते. हिवाळ्यात पाने गळतील, नंतर नवी पालवी येईल.’ म्हणून मी जास्वंद कुंडीतून काढून बाहेर जमिनीत लावली. थंडी वाढली तशा कळ्या न उमलताच गळू लागल्या. मी चिठ्ठी वाचून स्वस्थ बसले. मग दोन रात्री पारा शून्याखाली उतरला. सकाळी पाने उकडल्यासारखी लुळी होऊन लोंबत होती, दुपारपर्यंत काळी पडली. तरीही मनात हेच, की पाने गळणार असे लिहिलेच आहे! नंतर फांदीची साल नखाने खरवडून पाहिली, तर आत हिरवे काहीच नव्हते. शेंड्यापासून कलमाच्या सांध्यापर्यंत सगळे तपकिरी.

चिठ्ठीवरचे वर्णन खोटे नाही, पण ते दुसऱ्याच झाडाचे आहे. हिवाळ्यात पाने गाळून उभी राहते ती हिबिस्कस सिरियाकस. तिची पाने निस्तेज आणि बहुधा तीन खंडांची, आणि ती उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही काढते. तुम्ही मला पाठवली ती हिबिस्कस रोझा-सायनेन्सिसची संकरित जात, उष्ण प्रदेशातली, सदाहरित. पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागला की तिला आत घ्यायला हवे. या दोघींना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ सालीच वेगवेगळी नावे दिली आहेत. रोपांचाच व्यवसाय करणाऱ्यांना आज त्यांतला फरक कळू नये?

पहिल्या फोनवर उत्तर मिळाले, ‘पाणी जास्त झाले असेल.’ दुसऱ्या वेळी मी नव्या फुटव्याचा फोटो पाठवला, तेव्हा तुमचे प्रतिनिधी खूश झाले: ‘झाड जिवंत आहे, म्हणजे तक्रार निकाली.’ तो फुटवा सांध्याच्या खालून आला आहे, हे त्यांनी पाहिलेच नाही. आता त्याला फूलही आले आहे, एकेरी पाकळ्यांचे, लाल. म्हणजे जगला तो खुंट, ज्यावर कलम बांधतात ते खालचे रोप, आणि मी पैसे मोजले ते वरच्या कलमाचे. लाल फूल दिसायला वाईट नाही, पण ते मी मागवले नव्हते.

माझ्या मागण्या अशा. त्याच जातीचे कलम पुन्हा पाठवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. कलम पाठवणार असाल तर थंडी सरल्यावर पाठवा, आताच पाठवाल तर तेही वाटेतच गारठेल. चिठ्ठी तातडीने बदला. आणि याच चिठ्ठीसह ज्यांना ही जास्वंद विकली, त्या सर्वांना पुढच्या हिवाळ्याआधी कळवा. त्यांतले काहीजण अजूनही सुकलेल्या काड्यांना पालवी फुटायची वाट बघत असतील.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोन करू नये.

आपली,
एक ग्राहक