रिमोटच्या सेललाही स्क्रूचं झाकण पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात लहान लेकरू असलं आणि आईबाबा गॅजेटचे शौकीन असले की येणारा-जाणारा एकच विचारतो, मोबाईल किती वेळ देता? विचारायलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर अजूनच चांगलं. आम्ही ते पाळतो. पण मला आजपर्यंत एकानंही विचारलं नाही की घरातले चपटे गोल सेल कुठे-कुठे आहेत. हे पत्र त्या बटन सेलसाठीच लिहून राहिले आहे.

आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. नवरा मिहानमध्ये आयटीत, मी घरून लॅपटॉपवर काम करते, दोघांनाही नवीन वस्तूची भारी हौस. लाईट, पंखा, गीझर सगळं आवाजावर चालते, सासूबाई पण आता त्या स्पीकरला हिंदीत ‘हॉल की लाईट बंद करो’ असं हक्कानं सांगतात. या सगळ्याचा त्रास नाही, उलट अडीच वर्षांची लेक आणि तिची आजी सोबत गाणी लावून नाचतात तेव्हा लई बरं वाटते. पण प्रत्येक नवीन वस्तूसोबत घरात एकदोन सेल पण येतात ना. गाडीची चावी, किल्लीला लावलेला ट्रॅकर, वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, गाणं वाजवणारं पुस्तक, दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या, आणि टीव्हीमागे एलईडीची पट्टी लावली तिचा तो पातळ रिमोट.

या रिमोटबद्दल जरा सांगतेच. मागे खालच्या बाजूला एक खाच असते, नखानं दाबून ओढली की ट्रे सरकन बाहेर येते आणि सेल हातात पडतो. ना स्क्रू, ना काही. हे उघडायला ताकद लागत नाही आणि अक्कल तर त्याहून कमी लागते, अडीच वर्षांचं लेकरू दोनदा बघितलं की तिसऱ्यांदा स्वतः करते. त्यातला सेल बहुतेक वेळा २० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा आणि चमकदार, तोंडात घालावा असाच.

नाणं गिळलं तर बरेचदा आपोआप खाली निघून जाते, म्हणून आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात की केळं खाऊ घाला, सकाळी पडेल. सेलचं तसं नाही हो! हा ३ व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की थुंकीच्या ओलाव्यानं सर्किट पूर्ण होते, करंट वाहायला लागते आणि सेलच्या निगेटिव्ह बाजूला तीव्र अल्कली तयार होऊन मांस जळत जाते. सेल फुटावा लागत नाही, गळावाही लागत नाही. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि सेल काढल्यावरही जखम आत वाढत जाऊन श्वासनलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत भोक पडू शकते. आणि ज्याला आपण ‘संपलेला’ म्हणून खिडकीत ठेवून देतो ना, ज्याच्यावर रिमोट चालत नाही, त्या सेलमध्येही जाळायला पुरेल एवढा करंट उरलेला असतो. नाकात-कानात घातला तरी तेच.

त्यात वाईट हे की लेकरू सांगू शकत नाही. लाळ गळते, जेवायला नको म्हणते, खोकते, कधी ताप येते, म्हणजे सगळं सर्दी-खोकल्यासारखंच, आणि आपण सिरप देत बसतो. म्हणून सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली तरी उलटी काढायची नाही, काही खाऊ घालायचं नाही, सरळ एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जायचं, मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना असो, एम्स असो की धंतोली-रामदासपेठेतला एखादा, नाहीतर १०८ ला फोन. आणि तिथे ‘काहीतरी गिळलं’ असं नाही, ‘बटन सेल गिळला असेल’ असं स्पष्ट सांगायचं. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी गोल दिसते, त्यावरून डॉक्टरांना नाणं आणि सेल वेगळा ओळखता येते. खाऊ न घालण्याला अपवाद एकच, लेकरू वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि मध हाताशीच असेल तर रस्त्यात दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा असं अमेरिकेतलं विषबाधा केंद्र सांगते, पण मध शोधायला थांबायचं नाही आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध द्यायचाच नाही.

आता कायद्याचं. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा आहे, चांगलं खेळणं उलटं करून पाहा, सेलच्या झाकणाला स्क्रू दिसेल. पण रिमोट, वजनकाटा, पणती ही काही खेळणी नाहीत, त्यामुळे हा नियम त्यांना लागत नाही, आणि लेकराला काय कळते हे खेळणं आणि ते नाही म्हणून? ऑस्ट्रेलियानं जून २०२२ पासून असे सेल असलेल्या घरगुती वस्तूंनाही पक्क्या झाकणाची सक्ती केली, अमेरिकेनंही त्याच वर्षी कायदा केला. आपल्याकडे का होऊ नये? एका स्क्रूची तर गोष्ट आहे.

बर्डीत एका दुकानात मी स्क्रूच्या झाकणाचा एलईडी रिमोट मागितला तर दुकानदार दादा म्हणाले, ‘मॅडम, असं कोणी मागतच नाही.’ खरं बोलले ते. म्हणून माझी सगळ्या आईबाबांना कळकळीची विनंती आहे की वस्तू घेताना मागून पाहा, मागितलं तर ठेवतील. ज्या वस्तूला स्क्रू नाही तिच्या झाकणावर पक्की चिकटपट्टी मारा, जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावून लेकराच्या हाती लागणार नाही असा ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, तर प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यासाठी एक बंद डबा असायला काय हरकत आहे?

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. दिवाळीच्या आधी बर्डी-इतवारीत बॅटरीच्या पणत्यांचे ढीग लागतात. त्याच्या आठवडाभर आधी सेल गिळला तर काय करायचं आणि काय नाही, एवढी एक चौकट पहिल्या पानावर छापा, फ्रिजवर चिकटवता येईल अशी.

आपली,
एका लहानग्या लेकीची आई
मनीषनगर, नागपूर