घसरून पडलेल्यांची नोंद कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुचाकी अपघातांच्या बातम्यांत आकडे येतात ते बहुतेक मृतांचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्याच अहवालात सर्व अपघातांतील जखमींची संख्या ४,४३,३६६ आहे, म्हणजे एका मृत्यूमागे तीन जखमीही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख लोक रस्त्यावर मरतात आणि २ ते ५ कोटी जखमी होतात. हे प्रमाण एकास सोळाहून अधिक पडते. आपल्याकडे माणसे कमी जखमी होतात असे नाही, ती मोजली जात नाहीत.

कारण मंत्रालयाचे हे आकडे पोलीस ठाण्यांतून येतात. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर गाडी घसरली, दुसरे वाहन नव्हते, तर ठाण्यात जातो कोण? जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया विभागात मी एकतीस वर्षे काम केले. ‘सिस्टर, पडला एवढंच लिहा, पोलिसांचं लचांड नको’ ही विनवणी किती वेळा ऐकली याची गणती नाही.

एक सत्तावीस वर्षांचा प्लंबर आठवतो. डोक्यावर हेल्मेट होते (नाहीतर ते आरशालाच अडकवलेले असते!), पण तो खांद्यावर आपटला. हाड मोडले नव्हते, वरून नुसते खरचटले होते. मात्र मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्याने उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता. अशा नसा जोडण्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत झाली तर उपयोग होण्याची आशा असते. पैशांची जमवाजमव करून मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत त्याचे वर्ष गेले. तोवर तो डाव्या हाताने पाना धरायला शिकला होता. पोलिसांच्या कोणत्याही वहीत त्याचे नाव नाही.

मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू झाली, हे चांगलेच झाले. पण पायाला सळ्यांची चौकट बसवलेला माणूस सात दिवसांत कामावर जात नाही.

डेंग्यूचा रुग्ण सापडला की आरोग्य खात्याची माणसे गल्लीत येऊन पाण्याची पिंपे तपासतात. एकाच वळणावर घसरून महिन्यात पाच जण भरती झाले, तरी त्या वळणाची चौकशी होत नाही, कारण ते पाच जण एका कागदावर कधी येतच नाहीत. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ रोजी सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा डोक्याच्या दुखापती घटल्याचे रुग्णालयांतल्या नोंदींवरूनच दाखवता आले. आपल्याकडेही सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी केसपेपरवरच चार गोष्टी लिहाव्यात: चालवणारा की मागे बसलेला, हेल्मेट होते की नाही, कुठे पडला, कशावरून घसरला. ही नोंद दरमहा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि तिथून बांधकाम विभागाकडे जावी. सार्वजनिक आरोग्य विभागाने निदान एका जिल्ह्यात तरी हे सुरू करून पाहावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
जि. सातारा